स्मरणलेखांतील आजी

ख्रिस्ती मराठी नियतकालिकांच्या पानांवर एक लेखनप्रकार असा आहे की ज्याची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. घरातील वृद्ध स्त्रीच्या निधनानंतर तिच्या मुलांनी अथवा नातवंडांनी लिहिलेला स्मरणलेख, हा तो प्रकार. कवितासंग्रहाचे परीक्षण होते, एकांकिकेवर चर्चा झडते, भाषांतरातील चुका दाखविल्या जातात. परंतु नव्वदीच्या घरात देवाघरी गेलेल्या आजीवर लिहिलेल्या दोन पानांकडे आपण केवळ दुखवट्याच्या नजरेने पाहतो. पान उलटण्यापूर्वी तिच्या आत्म्याला शांती चिंतितो आणि पुढे जातो. त्या लेखाला वाङ्मय म्हणून काही विचारावे, हे आपल्याला औचित्यभंगाचे वाटते.

आम्हांस मात्र असे वाटते की आपल्या समाजात इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या मनापासून आणि इतक्या विविध हातांनी लिहिला जाणारा दुसरा गद्यप्रकार नाही. ज्यांनी आयुष्यात कधी लेखणी धरली नाही, ते आईसाठी ती धरतात. तेव्हा हे लेखन कसे होते, त्यात काय येते आणि काय गळते, याचा विचार करणे म्हणजे दु:खाची चिकित्सा करणे नव्हे. ज्या स्त्रियांनी गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या वाड्यांत आणि चाळींत आपली कुटुंबे उभी केली, त्या आपल्या शब्दांतून पुढच्या पिढीच्या हाती कोणत्या रूपात पोहोचणार आहेत, हा आमच्यासमोरचा प्रश्न आहे.

प्रथम या लेखांच्या सर्वसाधारण घडणीकडे पाहू. आरंभी निधनाची तारीख आणि वय. मग जन्मगाव, लग्न, अपत्यांची संख्या. त्यानंतर विशेषणांची रांग : अत्यंत धार्मिक, प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, सोशिक. मग दररोजची मिस्सा, सायंकाळची जपमाळ, शेजाऱ्यापाजाऱ्यांना केलेली मदत. शेवटी तिची उणीव सदैव भासेल हे वाक्य आणि प्रार्थना. यातील एकही गोष्ट खोटी नसते. अडचण वेगळीच आहे. अशा लेखातील नाव आणि गाव खोडून तेथे शेजारच्या धर्मग्रामातील दुसऱ्या आजीचे नाव घातले, तर लेखाला कोठेही धक्का लागत नाही. जो लेख कोणालाही लागू पडतो, तो जिच्यासाठी लिहिला तिला मात्र चुकवून जातो.

विशेषण हे निष्कर्षासारखे असते. 'सोशिक' हा शब्द लिहिणाऱ्याला पुष्कळ काही ठाऊक असते. तिने काय सोसले, कोणाकडून सोसले, किती वर्षे सोसले, आणि कोणत्या दिवशी सोसण्याचे नाकारले, हे त्याच्या डोळ्यांसमोर असते. वाचकाला मात्र एवढाच शब्द मिळतो. लिहिणाऱ्याच्या मनातील आजी त्याच्या मनातच राहते, आणि तो गेला की तीही दुसऱ्यांदा जाते.

यावर कोणी म्हणेल, की धार्मिक स्त्रीचे वर्णन धार्मिक रीतीनेच झाले पाहिजे. त्यात कथा-कादंबरीचे तपशील कशाला? तर मग धर्मग्रंथाकडेच वळू. आपल्याकडे स्त्रीच्या अंत्यविधीच्या मिस्सेत पुष्कळदा 'नीतिसूत्रे' या ग्रंथाच्या ३१व्या अध्यायातील सद्‌गुणी स्त्रीचे वर्णन वाचले जाते. मूळ हिब्रूत ही बावीस ओळींची रचना वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली आहे. आपण ती डोळे मिटून ऐकतो, आणि म्हणूनच बहुधा तिच्यात काय आहे हे आपल्या लक्षात येत नाही. तिच्यात लोकर आहे, ताग आहे, चाती आहे. ती स्त्री रात्र सरण्याआधी उठते, दुरून धान्य आणते, शेत पारखून विकत घेते, स्वत:च्या मिळकतीतून द्राक्षमळा लावते, वस्त्रे विणून विकते, व्यापाऱ्याला कमरपट्टे पुरवते. तिचा दिवा रात्री मालवत नाही. हिमाची तिला भीती नाही, कारण घरच्यांच्या कपड्यांची तरतूद तिने आधीच करून ठेवली आहे. ती परमेश्वराचे भय धरणारी आहे हे कवी सांगतो, पण अगदी अखेरीस सांगतो. तोवर तिचे हात काय करीत होते ते आपण पाहिलेले असते. आणि शेवटी तिची स्तुती करण्याचे कामही तो स्वत:च्या विशेषणांकडे न देता तिने केलेल्या कामांकडेच सोपवतो.

दुसरे उदाहरण चर्चच्या परंपरेतील सर्वांत विख्यात मातृस्मरणाचे. संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स'मधील नववा भाग आपली आई संत मोनिका हिच्या जीवनाला आणि मृत्यूला वाहिलेला आहे. इ. स. ३८७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती वारली. ऑगस्टीन यांनी हे लिहिले ते त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. एका संताने दुसऱ्या संताविषयी लिहिलेला हा मजकूर. आपल्या मोजमापाने येथे स्तुतीशिवाय काही असायला नको. पण ऑगस्टीन काय सांगतात? आई लहान असताना तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवीत, आणि ती आधी ओठाला लावता लावता हळूहळू पेलाभर पिऊ लागली होती. एका भांडणात दासीने तिला त्यावरून टोचून बोलले, आणि त्या अपमानाने ती सवय सुटली. वडील पॅट्रिशियस तापट होते आणि एकनिष्ठही नव्हते. आई त्यांच्या रागाच्या क्षणी उत्तर देत नसे, राग शमल्यावर आपली बाजू मांडीत असे. सासूचे कान दासींनी भरले होते. त्या सासूला तिने धीराने आपलेसे केले. दोन भांडखोर व्यक्ती तिच्याजवळ एकमेकींविरुद्ध मन मोकळे करीत, आणि ती समेटाला उपयोगी पडेल तेवढेच पलीकडे पोहोचवीत असे.

याच ग्रंथाच्या सहाव्या भागात आणखी एक कठीण गोष्ट आहे. ऑगस्टीन यांच्याबरोबर अनेक वर्षे राहिलेली, त्यांच्या मुलाची आई असलेली एक स्त्री होती. त्यांचे रीतसर लग्न जुळवण्याची खटपट मुख्यत: मोनिकाने चालविली, आणि त्या लग्नाच्या आड येते म्हणून या स्त्रीला आफ्रिकेला परत जावे लागले. आपले काळीज त्यामुळे फाटले, असे ऑगस्टीन नोंदवितात. आईच्या धर्मनिष्ठेची आणि तिच्या कर्तेपणाची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली, हे लपविण्याचे त्यांच्या मनात आले नाही. तरी मोनिकाचे संतपण या ओळींनी उणे झाले, असे सोळा शतकांत चर्चने मानलेले नाही. उलट आपल्याला ती आठवते ती याच तपशिलांमुळे. आपले शरीर कोठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा, या आशयाची तिची अखेरची मागणी मनाला भिडते, कारण ती मागणारी बाई तोवर आपल्या परिचयाची झालेली असते.

तिसरे उदाहरण आपल्याच भाषेतले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट मिशनच्या परंपरेतले. तथापि ख्रिस्ती कुटुंबातील एका वडीलधाऱ्या स्त्रीचे जीवन मराठीत कसे लिहिता येते, याचा याहून मोठा दाखला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. बातमी त्यांना दुरूनच कळली, आणि पुढे काही वर्षे पतिपत्नींचा वियोग झाला. १९०० मध्ये त्यांनी स्वत: बाप्तिस्मा घेतला. या प्रवासात आपले सोवळेओवळे कसे चिवटपणे टिकून होते, दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी घशाखाली कसे उतरत नव्हते आणि मग ते कसे उतरू लागले, हे त्या जराही न सावरता सांगतात. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, त्याचा संताप, घरात पैसा न टिकू देणारे त्याचे औदार्य, हे सारे त्या सांगतात, आणि तरी टिळकांविषयीचा आदर वाचकाच्या मनात कमी होत नाही. कारण त्यांच्या लेखनात कुरकुर नाही आणि आरतीही नाही. त्या प्रसंग सांगतात, आणि निकाल वाचकावर सोपवतात.

ही तीन उदाहरणे समोर ठेवून आपल्या मुंबईतील आजींकडे पाहिले, म्हणजे आपण काय गमावतो आहोत हे ध्यानात येते. १९२०च्या सुमारास जन्मलेली आणि शंभरीच्या जवळ जाऊन निवर्तलेली एखादी स्त्री घ्या. तिच्या लहानपणी घरातील मोठी माणसे १८९६मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगत असत. गिरगावातील खोताची वाडी, माझगावातील माथारपाखाडी येथील क्रूस त्या साथीच्या वर्षांची आठवण अजूनही वागवितात. त्या क्रूसांपुढे मे महिन्यात जपमाळ आणि लदिन म्हणताना शेजारच्या बायकांना कोणी गोळा केले, मेणबत्त्यांचे आणि चण्यांचे पैसे कोणी जमविले, क्रूसाला चुना लावण्याची आठवण कोणी ठेवली? धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत ही नावे सापडत नाहीत. ती फक्त घरच्यांना ठाऊक असतात.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा ती तरुण आई असणार. १९४८मध्ये माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये निरंतर साहाय्य मातेची बुधवारची नोव्हेना सुरू झाली. दादर-परळहून दर बुधवारी तेथे जाणाऱ्या पहिल्या पिढीतली ती. डिसेंबर १९६४मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेच्या निमित्ताने पोप सहावे पॉल मुंबईत आले; भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. तिच्या वयाच्या चाळिशीपन्नाशीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे निर्णय अंमलात आले आणि बालपणापासून कानांवर पडलेली लॅटिन मिस्सा लोकभाषेत होऊ लागली. अर्थ न समजताही तोंडपाठ असलेली उत्तरे एकाएकी निरुपयोगी झाली. तेव्हा तिला काय वाटले? आनंद झाला, की परकेपणा? ती नव्या मिस्सेतही ओठांतल्या ओठांत जुने शब्द म्हणत राहिली काय? घरात मराठी, शेजारी कोकणी, शाळेत इंग्रजी आणि देवाशी लॅटिन, अशा चार भाषांत जिचे आयुष्य गेले, तिच्या भक्तीचा इतिहास हा एका अर्थी आपल्या समाजाच्या भाषांचा इतिहास आहे. 'ती रोज मिस्साला जात असे' या वाक्यात यातले काहीच उरत नाही.

सायंकाळच्या जपमाळेविषयीही हेच म्हणता येईल. आपल्या लेखांत ती केवळ धार्मिकतेची खूण म्हणून येते. वास्तविक दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसांना रोज ठरावीक वेळी एकत्र गुडघ्यावर बसविणे ही घराची राज्यव्यवस्था होती. कोण घरी परतला नाही हे तेव्हा कळे. दुपारी भांडलेल्या जावा तेथे एका ओळीत बसत. शेवटी ज्यांच्यासाठी विशेष प्रार्थना होई, त्या नावांतून घरातील काळज्या उघड होत : गिरणीत पाळी बदललेला मुलगा, बोटीवर गेलेला जावई, परीक्षेला बसलेली मुलगी. काय मोठ्याने मागायचे आणि काय मनात ठेवायचे, हे आजी ठरवी. या नावांची यादी जर एखाद्या नातवाने आठवून लिहिली, तर ते त्या कुटुंबाचे खरे चरित्र होईल.

आणि पैसा? आपल्या स्मरणलेखांत पैसा जवळजवळ येतच नाही; आला तर 'प्रतिकूल परिस्थितीत' या शब्दांच्या आड लपून येतो. परंतु कुटुंबमातेचे कर्तेपण बव्हंशी पैशातच दिसत असे. भिशीचा हप्ता, गहाण पडलेल्या बांगड्या, दुकानदाराची उधारी, शाळेची फी, उन्हाळ्यात वर्षभराचा बाटली मसाला करून विकणे, नाताळात केक आणि कुलकुल यांच्या मागण्या घेणे, शिवणयंत्रावर शेजारणींचे कपडे शिवणे, खोलीत जेवणारे ठेवणे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि परळ-लालबागच्या असंख्य घरांत पगार यायचा थांबला तो पुन्हा आलाच नाही. अशा घरांत त्या वर्षी चूल कशी पेटली, हे पुरुषांना विचारून कळण्यासारखे नाही. गिरणगावातील खानावळी चालविणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले, म्हणून त्यांच्या श्रमाची काही नोंद राहिली. आपल्या घराघरांतील अशाच श्रमांची नोंद करण्याची संधी स्मरणलेखाला असते, आणि तो ती विशेषणांवर घालवितो.

येथे एका नाजूक विषयाला स्पर्श करणे भाग आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. त्या कायद्याच्या कडक अंमलाच्या काळात शहराच्या अनेक भागांत चोरून दारू विकणाऱ्या घरगुती गुत्त्यांना लोक 'आंटीचा अड्डा' म्हणू लागले, आणि त्या 'आंटी' पुष्कळदा ख्रिस्ती असत. हिंदी चित्रपटांनी या प्रतिमेची यथेच्छ थट्टा केली, आणि आपण त्या थट्टेने दुखावून जाऊन विषयच मिटवून टाकला. पण त्यांच्यात नवरा वारलेल्या, आजारी असलेल्या किंवा परागंदा झालेल्या स्त्रिया होत्या, पोलिसांच्या धाडीची भीती उशाशी घेऊन निजणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि रविवारी डोक्यावर रुमाल घेऊन मागच्या बाकावर बसणाऱ्याही होत्या. त्या पैशातून शिकलेली मुले पुढे कचेऱ्यांत, बँकांत, परदेशांत गेली. एखाद्या घरात हे घडले असेल तर ते छापावेच असा आमचा आग्रह नाही; तो निर्णय त्या घरचा. पण ज्या लेखात अशा बाईला केवळ 'धार्मिक वृत्तीची' म्हणून निरोप दिला जातो, त्या लेखाने तिची धार्मिकता ज्या अग्नीतून गेली तो अग्नीच झाकून ठेवलेला असतो. पापनिवेदनाला जाताना तिच्या मनात काय चालले असेल, ही कल्पना करण्याचे धैर्य ज्याला होईल, तो तिच्या श्रद्धेविषयी काही सांगू शकेल.

आता या सर्वांत गमावण्यासारखे नेमके काय आहे, ते सांगतो. लेख सपक होणे हा वाङ्मयीन तोटा झाला. तो आपण सोसू शकू. परंतु अशा स्मरणलेखांचा एक परिणाम जिवंत माणसांवर होतो. ज्या आजीने कधी तक्रार केली नाही, कधी आवाज चढविला नाही, आठ मुले वाढवून पहाटेची मिस्सा कधी चुकविली नाही, तिचे चित्र घराच्या भिंतीवर लागते. आणि मग नोकरी, लोकलचा प्रवास, मुलांचा अभ्यास आणि सासऱ्यांचे औषधपाणी यांत पिचणाऱ्या सुनेला त्या चित्राकडे बोट दाखविले जाते. 'आमची आई कशी सारे हसत करायची' हे वाक्य शोकसभेत स्तुती असते, पण वर्षभरानंतर स्वयंपाकघरात ते शस्त्र होते. ती सून मनात म्हणते, मी तशी नाही, म्हणजे मी भक्त नाही. कदाचित तिच्या त्या आजेसासूनेही कधी ताट आपटले असेल, कधी दोन दिवस कोणाशी बोलली नसेल, कधी क्रूसापुढे उभी राहून देवाशी भांडली असेल. हे जर त्या सुनेला कळले असते, तर तिला आजीचा आधार वाटला असता. आपण निर्दोष आजी निर्माण करून आपल्या लेकीसुनांची एक सोबतीण हिरावून घेतो.

शिवाय कुटुंबमातांच्या सत्तेची दुसरी बाजूही होती, आणि मोनिकाच्या उदाहरणाने ती सांगण्याची मुभा आपल्याला दिलेली आहे. मुलाच्या शिक्षणासाठी मुलीची शाळा थांबविणाऱ्या आजी होत्या. परजातीतील, किंवा ख्रिस्ती असूनही 'आपल्यांतला' नसलेला जावई उंबरठ्याबाहेर ठेवणाऱ्या होत्या. धाकट्या मुलाला झुकते माप देऊन घरात कायमची फूट पाडणाऱ्याही होत्या. यांतील काहींना पुढे पश्चात्ताप झाला, त्यांनी नातवाच्या बाप्तिस्म्याला जाऊन ती फूट सांधली. हा पश्चात्ताप ही तर ख्रिस्ती जीवनाची खरी कथा. चूकच नाहीशी केली, तर क्षमेला जागा राहत नाही.

या विचारावर एक सयुक्तिक आक्षेप येतो. स्मरणलेख शोकाच्या दिवसांत लिहिला जातो. महिन्याच्या मिस्सेपूर्वी तो छापून हवा असतो. घरातील जखमा ओल्या असतात. मृत व्यक्ती आपली बाजू मांडायला नसते. तेव्हा सत्याची मागणी करणे निर्दयपणाचे नाही काय? आम्हांला हा आक्षेप मान्य आहे, पण त्याचे उत्तर मौन हे नव्हे, तर विलंब हे आहे. ऑगस्टीन यांनी दहा वर्षे घेतली. लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या निधनानंतर, १९१९नंतर, पुष्कळ काळ जाऊ दिला. अलीकडचा दाखला द्यायचा, तर जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही २०१२मध्ये प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी पाहावी. माहीमच्या लहानशा घरात राहणारे गोवेकर कॅथलिक कुटुंब आणि मनोविकाराने ग्रासलेली आई हा तिचा विषय. ती कादंबरी आहे, स्मरणलेख नव्हे. पण ज्या आजाराचा उच्चार आपल्या घरांत दार लावून होतो, त्याविषयी आईची प्रतिष्ठा राखून, तिच्या विनोदबुद्धीसह आणि तिच्या वेदनेसह लिहिता येते, हे तिने दाखवून दिले. २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. उघडे करणे आणि सांगणे यांतला भेद तिच्यापासून शिकण्यासारखा आहे. उघडे करणारा स्वत: बाजूला उभा राहतो, सांगणारा त्या खोलीत असतो.

महिन्याच्या मिस्सेसाठी चार ओळींची प्रार्थना आणि छायाचित्र पुरेसे आहे. खरा लेख पहिल्या वा दुसऱ्या वर्षश्राद्धाला लिहावा, तोवर माहिती गोळा करावी. तिच्या मागे राहिलेल्या बहिणी, जावा, शेजारणी यांना भेटावे. त्यांतील काही गावी गेल्या असतील, काही विरार-नालासोपाऱ्याला. वाड्या आणि चाळी पाडून त्या जागी मनोरे उभे राहत आहेत. स्थलांतराच्या घाईत पहिल्याने फेकली जाते ती पत्र्याची ट्रंक. त्या ट्रंकेत प्रार्थनेचे जीर्ण पुस्तक असते, आणि त्याच्या पानांत नोव्हेनाची चित्रे, मुलांच्या जन्माच्या तारखा, दवाखान्याची चिठ्ठी, कधी भिशीचा हिशेबही. ते पुस्तक शेल्फावर ठेवण्यापूर्वी एकदा पान न् पान उलटावे.

तसेच तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहावेत. आपल्या लेखांत नव्वद वर्षे गावरान बोललेली आजी मृत्यूनंतर एकाएकी शुद्ध ग्रांथिक मराठीत उपदेश करू लागते. तिची शिवी गाळावी लागली तर गाळा, पण तिची म्हण, तिचा कोकणी-पोर्तुगीज शब्द, लाडके नाव, हाक मारण्याची लकब, हे जतन करा. ज्या नातवंडांचे शिक्षण इंग्रजीत झाले, त्यांना हे शब्द लिहिताना अडखळायला होईल. त्यांनी घरातील मोठ्यांना विचारून लिहावे. त्या विचारण्यातच अर्धे स्मरण साधते.

आणि मरण पावलेली मुले विसरू नयेत. 'तिला सात अपत्ये होती' असे लिहिताना जी दोन तान्हेपणी गेली त्यांची नावे बहुधा गळतात. आई मात्र ती नावे जपमाळेच्या शेवटी रोज घेत असे. संत झेली मार्टिन, म्हणजे लिझ्यूच्या संत तेरेजाची आई, हिला नऊ मुले झाली आणि त्यांतील चार बालपणीच गेली. ती लेस विणून घेण्याचा व्यवसाय चालवीत असे. तिची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांत मागण्या, कारागीर, मुलींची आजारपणे, मृत बाळांची आठवण आणि देव हे सारे एकाच दमात येते. २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला पतीसह संतपद दिले. आपल्या आजींनी पत्रे लिहिली नाहीत. बऱ्याच जणींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या वतीने लिहिणे हे आपल्याकडे आलेले काम आहे.

स्मरणलेख लिहावयास बसणाऱ्या आमच्या वाचकांपुढे आम्ही एकच कसोटी ठेवू इच्छितो. लेख पुरा झाल्यावर तो तिला ओळखणाऱ्या एखाद्या वृद्ध शेजारणीला वाचून दाखवावा, आणि त्यातील नाव मुद्दाम उच्चारू नये. पहिल्या पानाच्या आत जर ती म्हणाली, 'अगो, ही तर आपली तीच', तर लेख छापावयास द्यावा. ती नुसतीच मान हलवून 'हो, चांगली बाई होती' एवढे म्हणाली, तर लेख घेऊन पुन्हा बसावे, आणि त्या शेजारणीलाच विचारावे की तुम्हांला तिचे काय आठवते. येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्ती लावून परतताना घराघरांत निदान एक तरी असा प्रश्न विचारला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.